नावापुरती यजमान

४ मार्च

भोपू,

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, या प्रकरणात काहीही लिहू नकोस. मेसेज नको, मेल नको. जे बोलायचं ते फोनवरच." म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. पोस्टाने टाकणार. तुझ्या त्या देशात पोहोचायला आठ-दहा दिवस लागतील, तोवर आणखी काय काय करायचं नाही ते तुझा वकील तुला सांगून ठेवेलच.

परवा रविवारी सकाळी सात वाजता त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी कामावर निघायच्या गडबडीत होते. ते मी तुला सांगायला लागले, तर तू मध्येच तोडून विचारलंस, "तिने फोटो काढलेत का?" पहिला प्रश्न हा. हात कसा आहे, हे तू विचारलंच नाहीस. मी शेवटपर्यंत वाट बघत होते.

म्हणून आता सगळं ऐक. फोन ठेवता येणार नाही, हा कागद आहे.

शनिवारी सहा जण आले होते. एक वेल्डर, ऐकू येत नाही असा. त्याची बायको, आईवडील, बहीण. आणि या दुभाषी बाई. सोमवारी त्याची इथल्या कोर्टात तारीख होती. कारखान्याने त्याला कामावरून काढलंय, त्याची केस. तो खुणांनी बोलतो आणि बाई ते न्यायाधीशांना बोलून दाखवतात. हेच त्यांचं काम, वीस वर्षं. घरातले पलंग त्यांनी त्या कुटुंबाला दिले आणि आपण पोटमाळ्यावर झोपायला गेल्या. तू जाहिरातीत "सहा जणांची झोपायची सोय" लिहिलं आहेस ना, त्यातला तो सहावा माणूस.

सकाळी उतरताना शिडीचा डावीकडचा ब्रॅकेट सुटला. शिडी फिरली. बाई उजव्या हातावर पडल्या. वेल्डर खालच्या खोलीत होता. आवाज कसा ऐकणार, पण जमीन हादरलेली त्याच्या पायांना कळली. तोच आधी धावला.

मी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात नेलं. ड्युटी माझीच होती, तेव्हा एक्स-रेही मीच काढला. सत्तावीस वर्षांत किती मनगटं मशीनखाली ठेवली असतील, त्याचा हिशोब नाही. पण आपल्या घरात मोडलेलं हे पहिलंच. मनगटाचं मोठं हाड मोडलंय, शिवाय अंगठ्याच्या मुळाशी एक लहानसं हाड असतं, स्कॅफॉइड, त्यालाही चीर आहे. त्या हाडाला रक्त कमी मिळतं. ते महिनोन्‌महिने जुळत नाही. कधी कधी जुळतच नाही.

बाईंनी मला विचारलं, "बोटं हलतील ना? मला बोलायला बोटं लागतात."

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." पडद्यावर फोटो माझ्यासमोर होता, मला दिसत होतं. तरी मी तेवढंच म्हटलं.

संध्याकाळी त्या कुटुंबाने घर सोडल्यावर मी तिथे जाऊन खोली झाडून घेतली. कुलूप लावलं. पुढच्या आठवड्यातले पाहुणे मी रद्द केलेत. तुला विचारलं नाही.

तुझी,
ताई


१९ मार्च

भोपू,

आज दोन गोष्टी आल्या. एक बाईंच्या वकिलांची नोटीस. दुसरं तुझं पाकीट.

नोटीस माझ्या नावाने आहे. तुझ्या नव्हे. "यजमान" म्हणून माझं पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर. तुझं नाव खाली कुठेतरी "मालमत्तेचे मालक" म्हणून आणि ॲपवाल्या कंपनीचं त्याच्याही खाली. तुझे भावजी दोनदा वाचून म्हणाले, "अगं, ह्या कागदावरनं असं वाटतंय की तूच शिडी हलवलीस." ते सहसा बोलत नाहीत हे तुला माहीत आहे. बोलले आणि चहा न पिताच बाहेर गेले.

आठवण करून देते. दोन वर्षांपूर्वी तूच म्हणाला होतास ना, घर नुसतं बंद पडून आहे, ॲपवर टाकू, लोक चार-चार दिवस राहून जातील. तिथेच राहणाऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं ताई, तुझं टाकतो, फक्त नावापुरतं. मी सही केली. घर बाबांनी तुझ्या नावावर केलं तेव्हाही मी सही केली होती आणि हूं की चूं केलं नव्हतं. सह्या करायची मला सवयच आहे.

त्यानंतर चादरी बदलायच्या मी. किल्ली द्यायची मी. नळ गळतो, वाय-फाय चालत नाही, शेजारचा कुत्रा भुंकतो, सगळे फोन मला. जाहिरातीतले फोटो मात्र तुझे, भाव तुझा, कुणाला घ्यायचं कुणाला नाही तेही तूच तिकडून ठरवायचास. पासवर्डही तुझ्याकडे.

तर माझ्या वकीलबाई, हो, मला वकील करावा लागला, त्या म्हणतात, "किल्ली कोण देतं? पाहुण्यांना फोन नंबर कोणाचा दिलाय? मग यजमान तुम्हीच. बहिणीने भावासाठी केलं, असा कॉलम कायद्यात नाहीये."

आता तुझं पाकीट.

मला वाटलं चिठ्ठी असेल. दोन ओळी तरी. आतून निघाली प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक पाटी. छान छापलेली, लाल अक्षरं. "सूचना : शिडीवर एका वेळी एकच व्यक्ती. सामान घेऊन चढू नये. स्वतःच्या जबाबदारीवर वापर करावा." मागे चिकटवायचा टेप. आणि तुझा फोन लगेच, मिळाली का, मिळाली का.

"ताई, शिडीच्या शेजारी लाव आणि फोटो काढून पाठव. जरा जुनी दिसली तर बरं. कोपरा थोडा मळव."

कोपरा मळव!

भोपू, तू तान्हा होतास तेव्हा मोटारीच्या भोंग्यासारखा रडायचास, म्हणून मी तुला भोपू म्हणायला लागले. शाळेत पेन चोरलंस तेव्हा मी तुला घेऊन त्या मुलाच्या घरी गेले होते. तेव्हा तू दारात उभा राहून बोललास तरी होतास, कान लाल करून का होईना. आता चाळिशी उलटलेला माणूस माझ्याकडे मळलेली पाटी मागतो. आणि आवाज असा की जणू बल्ब बदलायला सांगतोयस.

पाटी मी लावलेली नाही. लावणार नाही. कपाटातही ठेवणार नाही. ती वकीलबाईंच्या फाइलमध्ये आहे, तुझ्या अक्षरातल्या पाकिटासकट. तू म्हणाला होतास ना, काही लिहू नकोस. पत्ता तूच लिहिलास.

ताई


३ एप्रिल

भोपू,

पंधरा दिवस फोन नाही. मग काल वहिनीचा आला. "ताई, ते फार ताणात आहेत. झोप नाही त्यांना." मी म्हटलं, "त्याला सांग, बाईंनाही नाही. प्लास्टर घालून कूस बदलता येत नाही." तिच्यावर ओरडायला नको होतं, तिचा काय दोष. तिला माझं सॉरी सांग. तुला नाही.

तू आता म्हणतोस की शिडी हलते हे तुला माहीतच नव्हतं. वहिनीनेच सांगितलं. "त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे."

चौदा फेब्रुवारी. शुक्रवार. त्या दिवशी जे जोडपं घर सोडून गेलं, त्यातली मुलगी किल्ली देताना मला म्हणाली, "काकू, ती शिडी जरा बघून घ्या, डावीकडे डुगडुगते." मी वर जाऊन बघितलं. खरंच डुगडुगत होती. तुला तिथूनच, त्या खोलीतूनच फोन केला. तू म्हणालास, "स्क्रू पिळून टाक ना ताई, एवढ्यासाठी काय फोन." मी म्हटलं, सुतारकाकांना बोलावते. ते शिडी बसवतानाच म्हणाले होते तुला आठवतंय, मीही होते तिथे: "माळ्यावरचं सामान काढायला शिडी ठीक आहे. रोज नवी माणसं चढणार असतील तर भिंतीत लोखंडी पट्टी घालावी लागेल, नाहीतर मला जबाबदार धरू नका." तेव्हा तू म्हणालेलास, पुढच्या सीझनला घालू. आणि चौदा तारखेला म्हणालास, "सुतार आला की दोन दिवस घर बंद. बुकिंग आहे ताई. तू फक्त पिळ."

फोनवर झालं सगळं. कागद नाही, मेसेज नाही. माझं तोंड विरुद्ध तुझं तोंड. हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच आता कानावर हात ठेवतोयस.

पण आता मला माझंही सांगायचं आहे. पहिल्या पत्रात मी ते लिहिलं नाही. लिहायला घेतलं होतं, मग कागद बदलला.

तू म्हणालास पिळ, आणि मी पिळला. घरात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. स्वयंपाकघरातली लोणी लावायची सुरी घेतली. स्क्रू दोनदा फिरला, मग नुसताच गरगर फिरायला लागला. लाकडात भोक मोठं झालं होतं, त्याला धरच नव्हती. मला कळलं. हाडात बसवलेला स्क्रू ढिला झाला की एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ दिसते, ती मी रोज बघते. मला तिथेही ती काळी रेघ दिसली, भोपू, फोटो न काढता. मी शिडी हलवून बघितली, जरा कमी हलतेय असं स्वतःला सांगितलं, चादरी बदलल्या आणि निघून आले. त्यानंतर तीन पाहुणे राहून गेले. चौथ्या या बाई.

आणि बाई पडल्या त्या संध्याकाळी खोली झाडताना तो स्क्रू मला सापडला. डोकं पार चावल्यासारखं झालेलं, सुरीने. मी तो पर्समध्ये टाकला. कुणाला सांगितलं नाही. तुझे भावजी, वकीलबाई, कुणालाच नाही. एक महिना झाला, किल्ल्या शोधताना हाताला लागतो.

वकीलबाई म्हणतात, माझी बाजू एकदम सोपी आहे. "तुम्ही फक्त किल्ली देत होतात. सगळे निर्णय भावाचे. एवढंच म्हणायचं, जास्त काही बोलायचं नाही." मी हो म्हणून आले. आता हे तुला का लिहिते आहे ते माझं मलाच कळत नाही. बहुतेक एवढ्यासाठी, की तुझ्यावर संतापताना मधेच माझा मलाच आवाज ऐकू येतो, "मी फक्त किल्ली देते", आणि तो हुबेहूब तुझ्यासारखा वाटतो.

याचा राग मला जास्त आहे.

ताई


२२ मे

भोपू,

काल सुनावणीला तू पडद्यावर होतास. कॅमेरा बंद, काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरांत नुसतं तुझं नाव. म्हणजे तू सगळं ऐकलंस. तरी माझ्या बाजूने काय झालं ते वाच, कारण बाहेरच्या बाकावरचं तुला ऐकू गेलेलं नाही.

साडेदहाला नंबर होता, एक वाजता पुकारा झाला. तोवर आम्ही सगळे एकाच लांब बाकावर. एका टोकाला मी आणि वकीलबाई, मध्ये कंपनीचा वकील, तरणाबांड, मांडीवर लॅपटॉप. दुसऱ्या टोकाला दुभाषी बाई. प्लास्टर निघालंय. आता मनगटाला काळा पट्टा. मध्यंतरी ऑपरेशन झालं, स्क्रू घालावा लागला. त्यांच्याबरोबर तो वेल्डर आला होता. त्याची केस बाई पडल्या म्हणून पुढे ढकलली गेली, थेट सप्टेंबरपर्यंत. तोवर बिनकामाचा. तरी प्रवास करून आला, नुसता त्यांच्या शेजारी बसायला.

तो माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी म्हणाला. बाई हसल्या. मला राहवेना. मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"विचारतोय, त्या घराच्या मालकीण याच का."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तेच ठरवायला आलोय."

आत गेल्यावर पहिला तुझा वकील. "माझे अशील परदेशात असतात. घराची दैनंदिन देखभाल आणि जबाबदारी पूर्णपणे त्यांच्या भगिनींकडे होती. शिडीबाबत त्यांना कधीही कळवण्यात आलं नाही." भगिनी! आपल्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा कोर्टात ऐकला.

मग कंपनीचा. "आम्ही घर देत नाही. घर देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो, बस. आमच्या अटींमध्ये हे स्पष्ट आहे." न्यायाधीशांना सर्दी झाली होती, ते रुमालात शिंकले आणि म्हणाले, "पुढे." तेव्हा त्याने तो कागद काढला. सुरक्षिततेचा फॉर्म. कंपनी दर वर्षी यजमानाकडून भरून घेते म्हणे. "शिड्या व जिने पक्के बसवलेले आहेत का?" त्यापुढे "हो"वर खूण. खाली माझं नाव. तारीख पंधरा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

भोपू, मी तो फॉर्म जन्मात बघितला नव्हता.

मी चौदाला तुला फोन केला. पंधराला सकाळी तू माझ्या नावाने आत शिरून लिहिलंस, शिडी पक्की आहे. म्हणजे तू विसरला नव्हतास. तू ऐकलं होतंस, चांगलं कान देऊन ऐकलं होतंस, आणि अंगाशी येणार असं वाटल्याबरोबर माझं नाव पुढे करून नामानिराळा झालास. आणि पंधरा तारखेला, शनिवारी, अकरा वीसला, मी आमच्या काळोख्या खोलीत लोकांना "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणत होते. रजिस्टरमध्ये आहे. ज्यांचे फोटो काढले त्यांची नावंसुद्धा आहेत.

पडद्यावर तुझं नाव तसंच होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, तू काहीतरी बोलशील म्हणून. "तो फॉर्म मी भरला," एवढे चार शब्द. बटण दाबायचं होतं फक्त.

वकीलबाईंनी कानात सांगितलं, "आता उभ्या राहा, म्हणा हा फॉर्म माझा नाही, मी ड्युटीवर होते. सुटलात."

मी उभी राहिले. म्हटलं, "फॉर्म मी भरलेला नाही. त्या वेळी मी हॉस्पिटलात होते. माझ्या नावाचा पासवर्ड माझ्या भावाकडे आहे, मीच दिलाय." वकीलबाई मान डोलावत होत्या. पुढे बोलायचं कारण नव्हतं. पण समोर त्या बाई डाव्या हाताने उजवा धरून बसल्या होत्या, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, कामाला असल्यासारख्या, एक शब्द सुटू नये अशा.

मग मी राहिलेलंही सांगितलं. चौदा तारीख, ती मुलगी, सुतारकाकांची पट्टी, तुझा फोन, सुरी. "शिडी पक्की नाही हे मला माहीत होतं. तरी चार वेळा मी किल्ली दिली." पर्स उघडून स्क्रू टेबलावर ठेवला.

न्यायाधीश म्हणाले, "हे सांगायचा सल्ला तुम्हाला तुमच्या वकिलांनी दिलाय?"

"नाही."

"वाटलंच." आणि पुन्हा शिंकले.

कंपनीचा वकील लगेच उठला. "म्हणजे यजमानांनी कबूलच केलं. कंपनीचा प्रश्नच उरत नाही." चेहरा असा, जणू सुट्टी मिळाली. तेव्हा बाई बोलल्या. त्यांच्या वकिलांना थांबवून, स्वतः.

"जाहिरातीवर हिरवी खूण होती. 'तपासलेलं घर.' वयस्क माणसं बरोबर होती म्हणून ती खूण बघूनच मी हे घर घेतलं. तपासायला कोण आलं होतं?"

"ती खूण आपोआप येते."

"कशावरून?"

"फॉर्म भरला की."

"म्हणजे कुणीच आलं नव्हतं."

"मॅडम, लाखो घरं आहेत, प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवणं शक्य नाही."

"मग तपासलेलं म्हणू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "वीस वर्षं मी दुसऱ्याचं बोलणं बोलते. त्याने म्हटलं नाही ते मी म्हटलं तर एका दिवसात माझं काम जाईल."

वेल्डरला यातलं काही कळत नव्हतं, त्याने बाईंची बाही ओढली. बाई त्याला खुणांनी सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. अंगठा वळत नव्हता. त्यांनी पुन्हा केलं. तो मान हलवत राहिला, नाही, नाही कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने केलं.

भोपू, ते मी बघितलं. तुझ्या काळ्या चौकोनातून तुला दिसलं का?

ताई


१ जुलै

भोपू,

निकाल तुझ्या वकिलाने तुला सांगितला असेलच. तुझा फोनही आला, साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा तू होऊन केलेला. "घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर मांडलीस," म्हणालास, आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिलास. म्हणून उत्तर इथे देते. घर चव्हाट्यावर तू मांडलंस. फोटोंसकट, सहा जणांची सोय म्हणून. मी फक्त आतली शिडी दाखवली.

निकालपत्र बावीस पानी आहे. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मालक जबाबदार, कारण शिडी त्याची, धोका त्याला कळवलेला होता, आणि कळवल्यानंतर त्याने खोटा फॉर्म भरला. यजमान जबाबदार, कारण तिला माहीत असताना तिने किल्ली दिली. भावाने सांगितलं हे कारण चालणार नाही, सही करताना ती सज्ञान होती. कंपनी जबाबदार, कारण न बघितलेल्या घराला तिने बघितलेलं म्हटलं. अटींमध्ये काहीही लिहून घेतलं तरी पाहुण्याच्या हाडांवर ती अट लागू होत नाही. हे शेवटचं माझं नाही, न्यायाधीशांचं वाक्य आहे. सर्दीतून बरे झालेले दिसतात.

तिघांनी मिळून बाईंची भरपाई करायची. "यजमान" या शब्दाखाली मी पेन्सिलने रेघ मारली. माझ्याबद्दल जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर मला खोटं वाटलं नाही. तुझ्याबद्दलचंही नाही. वाईट वाटलं, ते वेगळं.

माझा वाटा मी भरून टाकला. तुझे भावजी सोबत आले होते. परत येताना म्हणाले, "आता तरी झोपशील?" मी म्हटलं, बघू.

ताई


१४ जुलै

भोपू,

अपिलाचे कागद मिळाले. तुझ्या वकिलाने जिथे जिथे माझी सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात, नऊ ठिकाणी. मी तुझ्या बाजूने सही केली की म्हणता येतं, बहिणीने दडपणाखाली जबाब दिला, तिला नीट आठवत नव्हतं. हुशार आहे तुझा वकील. वरच्या कोर्टात दोन-तीन वर्षं सहज जातील. तोवर तुझ्या वाट्याचं बाईंना काही मिळायचं नाही.

वाचून मी अशी भडकले की दूध उतू गेलं आणि मला कळलंही नाही. मला आठवत नव्हतं! सबंध प्रकरणात आठवणारी मी एकटीच होते.

मागच्या रविवारी मी बाईंकडे गेले होते, त्यांच्या गावी. चार तासांचा प्रवास. आधी फोन करून विचारलं, येऊ का. त्या म्हणाल्या, "का?" मी म्हटलं, माफी मागायची आहे, कोर्टात ती राहिली. मग पत्ता सांगितला.

दोन खोल्यांचं घर. टेबलावर रबरी चेंडू, मनगटाच्या व्यायामाचा. मी माफी मागितली. त्यांनी "असू दे" म्हटलं नाही, मला वाटलं होतं म्हणतील. म्हणाल्या, "मागितलीत, ऐकली." मग चहा केला, डाव्या हाताने, मला मदत करू दिली नाही. सप्टेंबरमधली त्या वेल्डरची केस त्यांनी सोडली आहे. "माझी एक खूण चुकली तर त्याची नोकरी जाईल. दुसऱ्या दुभाषीला सगळं समजावून दिलंय. तिला त्याच्या बोलण्याची सवय नाही, पण तिचा हात धड आहे." वीस वर्षांत पहिल्यांदा त्या कोर्टात मागच्या बाकावर बसणार आहेत. हे सांगताना रडल्या नाहीत. मी रडले, आणि त्याचीही मला नंतर लाज वाटली, की रडायचा हक्क तरी माझा कुठे होता.

निघताना त्यांनी एकच विचारलं. "तुमचा भाऊ कसा दिसतो हो? मी त्याचं नुसतं नाव बघितलंय."

मी सांगितलं, कपाळ बाबांवर गेलंय, हसला की डोळे मिटतात. त्या म्हणाल्या, "बरं."

कागद सही न करता परत पाठवते आहे, तुझ्या पिवळ्या चिठ्ठ्यांसकट. अपील तुला करायचं तर कर, तुझ्या एकट्याच्या नावावर कर. मी यजमान म्हणून माझं नाव त्या ॲपवरून काढून टाकलंय. पासवर्ड बदलला, तुला आत जाता येणार नाही. सुतारकाका काल येऊन शिडी काढून घेऊन गेले, पोटमाळाही उतरवतील. घर तुझं आहे, तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्याबद्दल तुला माझ्यावर नोटीस पाठवायची तर पत्ता तुझ्याकडे आहे.

बावीस सप्टेंबरला त्या वेल्डरची तारीख आहे. बाई मागच्या बाकावर असतील. मी रजा टाकली आहे, मी जाणार. तिकीट काढ आणि तूही ये. अपिलाला वकिलाला जे देणार आहेस त्यात विमान सहज येतं. तुला तिथे काही बोलावं लागणार नाही, केस आपली नाही. फक्त तारीख संपल्यावर बाहेरच्या त्या बाकापाशी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा आणि त्यांना तुझा चेहरा दिसू दे.

पुढे काय म्हणायचं ते मी सांगणार नाही. मी शेजारी उभी राहीन, पण या वेळी तुझा हात धरून नेणार नाही.

तुझी,
ताई